गुटगुटीत बाळाची थरथर

प्रश्न : माझा नातू 11 महिन्यांचा आहे. आमचे घर शाकाहारी असून सुनेला गरोदरपणापासून दूध-दही नकोसे झाले आहे. बाळ अजून अंगावरच पिते, वरचे अन्न थुंकून टाकते. दिसायला गुटगुटीत आहे, परंतु हल्ली हसत नाही, बसायला लागले होते तेही सुटले, आणि आठ दिवसांपासून त्याचे हात व मान थरथरते. झोपले की थरथर थांबते. ही फिट असेल का?
– एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, झोपेत थरथर थांबते हे तुम्ही नेमके टिपलेत. फिट झोपेतही येऊ शकते आणि हात धरून ठेवला तरी थांबत नाही. तरीही हा निर्णय बाळाला प्रत्यक्ष तपासूनच व्हायला हवा. तुमच्या वर्णनावरून मला बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेची दाट शंका येते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. धान्ये, डाळी, भाज्या यांत ते जवळजवळ नसते, आणि आईच्याच शरीरात ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमीच उतरते. अशी बाळे बहुधा रोड दिसत नाहीत, म्हणूनच घरच्यांची फसगत होते. बाळ फिकट दिसते का, बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळवंडली आहे का, केस विरळ व भुरे झाले आहेत का, हे पाहा. यात सुनेचा काहीही दोष नाही, हे तिला कृपया तुम्हीच सांगा.

उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे किंवा परळच्या वाडिया बाल रुग्णालयात जा. हिमोग्लोबिन, बी-12, कॅल्शियम आणि साखर तपासली जाईल. तोवर स्वतःच्या मनाने टॉनिक देऊ नका. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जासंस्थेची हानी चालूच राहते. बी-12 सुरू झाल्यावर बाळ काही दिवसांत टवटवीत दिसू लागते, थरथर मात्र काही आठवडे टिकते, क्वचित आधी वाढतेसुद्धा. तेवढ्यावरून घाबरून उपचार सोडू नका. बोलणे आणि समज मागे राहू शकते, त्यामुळे पुढेही तपासण्या चुकवू नयेत.

अंगावरचे दूध बंद करू नका. त्याच्या जोडीला मऊ वरणभात, दही, आणि घरात चालत असेल तर अंडे, दिवसातून अनेकदा थोडेथोडे द्या. सुनेचेही बी-12 तपासून तिच्यावर उपचार करावेत. बाळ दूध घेईनासे झाले, डोळे फिरवू लागले किंवा सुस्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.