कोहिमा वाचलं ते सांगशाकमुळे

प्रश्न असा आहे : "कोहिमा-इंफाळ ही दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणारी लढाई होती, असं म्हणतात. खरंच तसं होतं का?"

सगळ्या महायुद्धाला म्हणाल तर नाही. मार्च १९४४ मध्ये ही लढाई पेटली तोवर पॅसिफिकमध्ये जपानची पीछेहाट सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. ब्रह्मदेशच्या आघाडीपुरतं विचाराल तर मात्र नक्कीच होय. इथे मार खाल्ल्यावर जपानी फौज भारताच्या दिशेने परत कधी आली नाही.

पण कोहिमाचं नाव सगळे घेतात, सांगशाकचं कोणी घेत नाही, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

जपानी सेनानी मुतागुची याने तीन डिव्हिजन (एका डिव्हिजनमध्ये अनेक रेजिमेंट असतात) ब्रह्मदेशातल्या चिंदविन नदीपार घातल्या. बरोबर शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा. इंफाळला ब्रिटिशांची कोठारं भरलेली आहेत, ती ताब्यात घ्यायची आणि त्यावरच पुढे जगायचं, असा हिशेब. सोबत हजारो गुरं हाकली होती : आधी ओझी वाहतील, मग कापून खाता येतील. त्यातली बरीचशी नदीतच वाहून गेली, उरलेली डोंगर चढेनात. म्हणजे मोहिमेचं वेळापत्रक आधीच पोटाला बांधलेलं. एकेक दिवस मोलाचा.

ते दिवस खाल्ले सांगशाकने. उखरुलच्या बाजूचं डोंगरावरचं नागा गाव. तिथे ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी ठाकली आणि तिच्या जोडीला होती आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. जमीन इतकी खडकाळ की खंदक धड खोदता येईनात. काटेरी तार नाही, पाण्याची मारामार. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्याच हाती पडायची, आणि ती पडताना बघत बसायचं! २२ ते २६ मार्च हे असं चाललं. शेवटी रात्रीच्या अंधारात ठाणं सोडावं लागलं. कागदावर हा पराभवच. ब्रिगेडच्या प्रमुखाला पदही गमवावं लागलं.

पण मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला आणि तो कसाबसा इंफाळला पोचवला गेला. त्यावर कोहिमाकडे निघालेली फौज स्पष्ट दिसत होती. तोवर ब्रिटिश सेनापती जनरल स्लिमची समजूत अशी की त्या डोंगरांतून कोहिमाला फार तर एक रेजिमेंट येईल. येत होती जवळजवळ अख्खी डिव्हिजन. आणि कोहिमाला सर्वांत आधी पोचणारी तुकडीच सांगशाकला अडकून घायाळ झाली होती.

मधल्या काळात ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरच्या आराकानहून विमानाने आणलेलं सैन्य कोहिमाजवळच्या दिमापूरला उतरलं. त्यातली ब्रिटिशांची रॉयल वेस्ट केंट बटालियन कोहिमात शिरली ती ५ एप्रिलला, म्हणजे हल्ला सुरू झाल्यावर. जपानी आठवडाभर आधी आले असते तर तिथे कोण होतं? आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स आणि किरकोळ तुकड्या.

पुढचं तुम्ही वाचलं असेलच. सुमारे दीड हजार लढते जवान, समोर त्यांच्या कितीतरी पट शत्रू आणि उपायुक्तांच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट. कोर्टाच्या एका कडेला हे, दुसऱ्या कडेला ते, मधून हातबाँब. आज तिथे युद्धस्मशान आहे आणि कोर्टाच्या रेषा तशाच आखून ठेवल्यात. वरच्या बाजूला ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. (समोरच्या बाजूनेही भारतीय होतेच. आझाद हिंद सेनेने १४ एप्रिलला मणिपूरमधल्या मोइरांगला तिरंगा फडकवला. हा विषय मोठा आहे, वेगळा प्रश्न टाका.)

माझ्या मते जपान्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे कोहिमाला चिकटून बसणं. दिमापूरला रेल्वे होती आणि मैलोगणती पसरलेली कोठारं होती. तिकडे वळले असते तर दोन्ही हाती आली असती.

झालं उलटंच. वरून पाऊस, खाली उपासमार. कोहिमाचा जपानी सेनापती सातो शिधा मागून थकला आणि ३१ मेच्या सुमारास हुकूम मोडून माघारी फिरला. जपानी सैन्यात हे अघटितच. तीस हजारांच्या आसपास जपानी मेले, बहुतेक भुकेने आणि रोगाने. सातोने हाराकिरी करायलाही नकार दिला. कोर्टमार्शल झालं तर तो तिथे काय बोलेल याची वरिष्ठांना धास्ती. त्यांनी त्याला सरळ वेडा ठरवून टाकला.