गिझरच्या पोटातला चुना

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचे मिश्र पाणी येते. पंधरा लिटरच्या गिझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा जळली. टीडीएस मीटरवर 620 आकडा येतो. गिझरच बदलावा का? – वाघोली

नव्या गिझरमध्येही हेच पाणी जाणार, त्यामुळे तो खर्च थांबवा. आधी आकड्याचे बघू. टीडीएस मीटर पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार एकत्र दाखवतो, त्यात साधे मीठही आले. थर धरतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यांच्यासाठी जडपणा वेगळा मोजावा लागतो. त्याचे थेंबांचे किट मिळते. नमुन्यात रंगद्रव्य टाकले की पाणी लालसर-जांभळे होते. मग दुसऱ्या बाटलीतले द्रावण एकेक थेंब टाकत, पाणी स्वच्छ निळे होईपर्यंत थेंब मोजायचे आणि किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचे. आयएस 10500 या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा ठीक, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो. पण ही मर्यादा पिणाऱ्याची. गिझरमध्ये थर धरायला 200 सुद्धा पुरतात.

थर धरतो तो तापल्यामुळे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, सर्वांत गरम पृष्ठभागावर चिकटते. तो पृष्ठभाग अर्थातच कॉइलचा. जडपणा 500 असेल आणि रोज 100 लिटर पाणी तापत असेल, तर 50 ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाला पावणेदोन किलोच्या वर जातो! या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी तिची नळी फुटते. गिझर चालू केल्यावर आतून कडकड आवाज येऊ लागला, की थर जाड झाला असे समजा.

थर्मोस्टॅट 75 वर असेल तर 55 च्या आसपास आणा. एवढ्यानेच थर बसण्याचा वेग बराच कमी होतो. आणि वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या. मेन स्विच बंद, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, टाकी पूर्ण रिकामी, मग खालच्या फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या चकतीचे, नट सोडून कॉइल बाहेर काढायची. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू देऊ नका, नळीवर चरा पडला की तिथूनच ती जाते. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात कॉइल बुडवा, पण वायरजोडणीचे टोक कोरडे राहू द्या. बुडबुडे थांबले की काम झाले. पाणी उकळते नको, कारण त्यात कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा साका बसतो. बाथरूम धुण्याचे अ‍ॅसिड तर नकोच, ते स्टीललाही खाते. कॉइलशेजारची मॅग्नेशियमची कांडी (ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते) झिजून बोरूएवढी राहिली असेल तर ती आणि गॅस्केट दोन्ही नवीन घाला. जोडल्यावर आधी गरम पाण्याच्या नळातून सलग धार येऊ द्या, मगच बटण दाबा. रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटभरात जळते.

प्रश्न : वॉशिंग मशीनमध्ये काळ्या कपड्यांवर पांढुरके पट्टे येतात, टॉवेल पापडासारखे कडक होतात. दुकानदार नळाला लावायचे कार्ट्रिज सुचवतो. घ्यावे का? – लातूर

त्या कार्ट्रिजमध्ये बहुधा पॉलिफॉस्फेटच्या गोळ्या असतात. त्या कॅल्शियम काढत नाहीत, फक्त ते चिकटू देत नाहीत. मशीनला हीटर असेल तर उपयोग आहे, पण टॉवेल मऊ होतील अशी आशा ठेवू नका. पट्ट्यांसाठी पावडरऐवजी लिक्विड वापरून पाहा आणि एक खळबळ जादा घ्या. पाणी भरायला वेळ लागत असेल तर मागचा पाइप काढून पकडीने जाळी ओढून घ्या आणि तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये 100 ग्रॅम लिंबूसत्व टाकून 40 अंशांवर फिरवा. त्या वेळी ब्लीच अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : तुरटी फिरवली तर पाणी हलके होते का? – संगमनेर

नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार तसेच राहतात. डाळ शिजत नाही म्हणून विचारत असाल, तर पाणी दहा मिनिटे उकळा, निवू द्या आणि वरचे नितळ पाणी घ्या.

प्रश्न : पूर्ण घरासाठी सॉफ्टनर बसवतो आहोत. मीठ किती लागेल? – वाळूज

समजा, सॉफ्टनरमध्ये 25 लिटर रेझिन, म्हणजे जडपणा शोषणारे बारीक मणी, आहे. लिटरमागे 40 ग्रॅम धरले तर ते एक किलो जडपणा शोषते, म्हणजे 500 जडपणाचे 2000 लिटर पाणी. रोज 500 लिटर वापर असेल तर चौथ्या दिवशी रेझिन धुवावे लागेल. दर वेळी साधारण 3 किलो जाडे मीठ 30 लिटर पाण्यात विरघळवून अर्धा तास सावकाश सोडायचे, मग खारट चव जाईपर्यंत साधे पाणी. स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ आणि बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. धुवणाचे खारे पाणी शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका. प्लंबर जवळची जागा म्हणून तिथेच पाइप सोडतात, आणि ते मीठ तुमच्याच बोअरमधून परत वर येते.