पाचव्या मित्राचं नाव काय?

प्रिय ताई,

आम्ही इंजिनिअरिंगपासूनचे पाच जण. लॉकडाउनमध्ये कोरियन मालिकांचं वेड लागलं ते अजून आहे. दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल लावून एकत्र बघतो. सध्या 'टू माय स्टार'चा दुसरा सीझन पुन्हा बघत होतो. पहिल्यात कांग सो-जून हा नट आणि हान जि-वू हा शेफ एका घरात राहता राहता प्रेमात पडतात. दुसऱ्यात जि-वू काही न सांगता निघून जातो. सो-जून त्याला शोधत खेड्यात पोचतो. जि-वू त्याला तोडून बोलतो, तरी हा तिथंच ठाण मांडून बसतो आणि शेवटी दोघं पुन्हा एकत्र येतात.

मला हा शेवट अजिबात पटत नाही. न सांगता सोडून जाणाऱ्याला परत घरात घेणं म्हणजे स्वाभिमान गहाण टाकणं. मी कॉलवर म्हणाले की जि-वूसारखी माणसं एकटीच राहायच्या लायकीची असतात. त्यावर माझी सगळ्यात जवळची मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला नाती टिकवता येत नाहीत म्हणून तुला असं वाटतं." ताई, माझा साखरपुडा गेल्या वर्षी मोडलाय. तेव्हा आई-बाबा, काका, आत्या सगळे माझ्या बाजूनं उभे राहिले म्हणून मी सावरले. हे तिला माहीत असून ती असं बोलली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. ग्रुपचे दोन तट पडलेत. एका मित्राला तर (त्यानंच ही मालिका आम्हाला दाखवली होती, तो गे आहे, घरी माहीत नाही, फक्त आम्हालाच माहीत आहे) त्या रात्री झोप आली म्हणून तो कॉलवरून गेला, नंतर शनिवारी आलाच नाही, पण तो तसाही मूडी आहे.

तुम्ही सांगा, बरोबर कोण? आणि माफी आधी तिनंच मागायला हवी ना?

– संतापलेली प्रेक्षक, पुणे

---

अगं, तुझ्या मूळ पत्रात तुझ्यासकट चौघांची नावं होती, आडनावांसह. मी ती गाळली, कॉलेज आणि बॅचही गाळली. पाचवा मात्र तुझ्या पत्रातही 'एक मित्र' एवढाच होता.

त्याचं गुपित जपायचं म्हणून नाव लिहिलं नाही, असं म्हणशील. पण कॉलेज लिहिलंस, बॅच लिहिलीस, बाकीच्यांची नावं लिहिलीस. एवढ्यावरून पाचवा कोण हे शोधणं कुणालाही अवघड नाही. तेव्हा गुपित जपण्याचा मुद्दा राहू दे. त्याच्याबद्दल तू एक वाक्य लिहिलंस. त्यातलं महत्त्वाचं सगळं कंसात टाकलंस, आणि कंसाबाहेर ठेवलीस त्याची झोप आणि त्याचा मूड.

आता तू स्वतः लिहिलेला क्रम बघ. तू म्हणालीस, असली माणसं एकटीच राहायच्या लायकीची असतात. मग मैत्रीण तुला बोलली. मग तुमचं बिनसलं. आणि त्याला झोप आली. शनिवारच्या रात्री, त्यानं स्वतः निवडून तुमच्यापुढे ठेवलेली मालिका चालू असताना. त्याला झोप आलेली नव्हती, आणि हे तुलाही आत कुठेतरी कळलेलं आहे. नाहीतर माफी कुणी मागायची या पत्रात ते वाक्य आलंच नसतं.

त्याच्या आयुष्यात काय घडलंय, मला माहीत नाही. त्याला कुणी सोडून गेलं असेल, त्यानं कुणाला सोडलं असेल, किंवा यातलं काहीच नसेल. मी अंदाज बांधणार नाही आणि तूही बांधू नकोस. पण तुम्ही चौघं ती गोष्ट जिथून बघता तिथून तो बघत नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

ती मालिका मी पाहिली आहे, दोन्ही सीझन. ह्वांग दा-सुल या दिग्दर्शिकेची ती. पहिला २०२१ चा, दुसरा २०२२ चा. अशा बऱ्याच कोरियन मालिकांप्रमाणे हिच्यातही त्या दोघांच्या प्रेमाला बाहेरून विरोध करणारं फारसं कुणी दिसत नाही. ते जाणूनबुजून केलेलं असतं आणि मला ते आवडतं. दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करावं आणि काळजी फक्त एकमेकांच्या स्वभावाची असावी, असं जग थोडा वेळ तरी बघायला मिळतं. पण त्यामुळे एक होतं. एक माणूस घाबरून पळून गेला की पळण्याचं सगळं कारण त्याच्या स्वभावातच शोधलं जातं. जग चित्रात नाही, म्हणून जगाचा दोषही नाही. उरतो तो एकटा जि-वू, आणि त्याला झोडपायला आपण सगळे मोकळे.

तुझ्या मित्राला ते न दाखवलेलं जग दिसतं. सो-जून नट आहे, आठवतंय ना? कोरियात २००० साली होंग सोक-चॉन या नटानं आपण गे असल्याचं उघडपणे सांगितलं. त्याचं टीव्हीवरचं काम गेलं, लहान मुलांच्या कार्यक्रमातूनही त्याला काढलं. त्यानं इटेवॉन भागात रेस्टॉरंटं काढून दिवस काढले. पडद्यावर परतायला त्याला वर्षं लागली. आज तिथं परिस्थिती थोडी सैल झाली आहे, पण दोन पुरुषांना लग्न करायची सोय अजूनही नाही. नवऱ्याच्या आरोग्य विम्यात बायकोचं नाव घालायला एक अर्ज पुरतो. तेवढ्याच गोष्टीसाठी तिथल्या दोन पुरुषांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि जुलै २०२४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. जिथं विम्याच्या कागदावर नाव लागण्यासाठी इतकं झगडावं लागतं, तिथल्या एका शेफला नटाबरोबर एका घरात राहताना रात्री काय काय सुचत असेल, याचा विचार तुमच्या त्या कॉलवर कुणी केला का? केला असलाच तर एकानंच केला असेल, आणि तो बोलला नाही.

पुण्यात तरी काय वेगळं आहे? कलम ३७७ मधून ही नाती बाहेर आली २०१८ मध्ये. तुम्ही कॉलेजात असाल तेव्हा, म्हणजे तुमच्याबरोबर वर्गात बसलेला हा मुलगा तोवर कायद्याच्या लेखी गुन्ह्याच्या सावलीत मोठा झाला. लग्नाचा हक्क द्यायला सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला.

आणि आता तुझ्या साखरपुड्याकडे येते. त्यासाठी माझ्याकडून सहानुभूती हवी असेल तर ती तुला घरात भरपूर मिळालेली आहे, तसं तूच लिहिलंयस. आई-बाबा, काका, आत्या. तुझं नातं मोडलं तेव्हा दोन्हीकडची माणसं बसली असतील. कुणी समजावून पाहिलं असेल, कुणी तिकडच्यांना चार शब्द सुनावले असतील, देणंघेणं परत झालं असेल. आत्या तुझ्या उशाशी बसली असेल. आपल्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं तर मामा मध्ये पडतो, सासरे फोन करतात, शेजारच्या काकूसुद्धा दोन्हीकडे निरोप पोचवतात. हे सगळं आपल्याला जाच वाटतं, आणि बरेचदा तो असतोही. पण मोडलेलं सांधायचं असेल तर मध्ये उभी राहायला माणसं असतात. सांधायचं नसेल तर रडताना सोबत असते.

जि-वू आणि सो-जून यांच्यामध्ये कोण पडणार? त्यांचं नातं आहे हेच मुळात कितीजणांना सांगता येतं? म्हणून सो-जूनला स्वतःच खेड्यात जाऊन बसावं लागतं. तुझ्या भाषेत तो स्वाभिमान गहाण टाकतो. मला दिसतं ते असं की जे काम एरवी दोन घरांतली दहा माणसं करतात, ते तो एकटा करतो आहे. तो विचारतो, का गेलास ते सांग. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नाही.

तुझ्या मित्राचं नातं मोडलं असतं तर तो सोमवारी कामावर गेला असता आणि चेहरा का उतरलाय असं घरी विचारल्यावर अॅसिडिटी झालीय म्हणाला असता. त्याच्या उशाशी आत्या बसली नसती. तो तुमच्याकडे आला असता. सगळ्या जगात त्यानं ज्यांना सांगितलंय ती माणसं चारच आहेत. आणि त्या चौघांतली एक त्याच्यासमोर म्हणाली की असली माणसं एकटी राहायच्या लायकीची.

तू ते जि-वूबद्दल म्हणालीस, मान्य. पण त्यानं ती मालिका तुमच्यापुढे का ठेवली असेल? अशा मालिकांत दोघांचं जुळलं की बहुधा गोष्ट संपते. जुळल्यानंतर एका घरात राहणं, मग तुटणं, मग त्या तुटलेल्यातून पुन्हा उभं राहणं, हे दाखवणाऱ्या थोड्या. 'टू माय स्टार'चा दुसरा सीझन सगळाच्या सगळा त्यावर आहे. ज्याला घरी काही सांगता येत नाही असा मुलगा चार मित्रमैत्रिणींना ही मालिका दाखवतो, पुन्हा बघायला बसतो, तेव्हा तो तुमच्याशी काहीतरी बोलत असतो. तुम्ही ते ऐकलं नाही. तुम्ही रेड फ्लॅग मोजत बसलात.

तुझा प्रश्न अगदीच सोडून देत नाही. जि-वू चुकला, चांगलाच चुकला. ज्याच्याबरोबर राहत होतास त्याला एका वाक्याचंही कारण न देता जाणं हे क्रूर आहे, भीती कितीही खरी असली तरी. सो-जूननं त्याच्या दारात ठिय्या देणं हेही काही प्रेक्षकांना खुपतं, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या दारात बसून राहणं प्रत्यक्षात कुणाच्या वाट्याला आलं तर मी त्याला प्रेम म्हणणार नाही. पण त्या दोघांचं पुन्हा जुळणं मला पटतं, कारण झालेलं झाकून ते एकत्र येत नाहीत. ज्याला बोलता येत नव्हतं त्याला बोलावं लागतं आणि दुसऱ्याला ते ऐकावं लागतं. तुला पटलं नाही तर नको पटू दे. यावर दोन मतं असली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

मैत्रिणीचं वाक्य वाईट होतं. ती आज ना उद्या माफी मागेल, नाही मागितली तरी तुम्ही दोघी पुन्हा बोलायला लागाल. तिला वेळ आहे. या आठवड्यात तिच्यावर एक मिनिटही घालवू नकोस.

तू त्याच्याकडे जा.

ग्रुपवर लिहू नकोस. बाकीच्यांना घेऊन जाऊ नकोस, चौघं दारात उभे राहिलात की त्याला पुन्हा सगळ्यांसमोर हसावं लागेल. त्याच्या घरच्या नंबरवर फोन करून "तो बरा आहे ना" असं तर चुकूनही विचारू नकोस. घरी काही माहीत नाही, तिथं उगाच शंकेला जागा होईल. त्याला थेट फोन कर, बाहेर भेटू म्हण, जिथं शेजारच्या टेबलावर ओळखीचं कुणी नसेल अशा ठिकाणी. टेकडीवर चालायला जा, चालताना बोलणं सोपं जातं. आणि भेटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, चहाच्या आधी, सांगून टाक : "त्या रात्री मी जे बोलले ते तुझ्यासमोर बोलले आणि तुझा विचार केला नाही. तू गेलास ते मला कळलं होतं, तरी मी फोन केला नाही. मला माफ कर."

एवढंच. पुढे 'पण' लावू नकोस. मी जि-वूबद्दल बोलत होते, तुझ्याबद्दल नाही, हे स्पष्टीकरण देऊ नकोस, तेवढं त्यालाही समजतं. तुझं काही बिनसलंय का, कुणी होतं का, हे विचारू नकोस. सांगायचं असेल तर तो सांगेल. त्या दिवशी नाही सांगितलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा भेट. तेव्हाही नाही सांगितलं तरी भेटत राहा. तो विषय टाळून ऑफिसबद्दल, क्रिकेटबद्दल बोलला तर तूही त्याच विषयांवर बोल आणि मनापासून बोल. मैत्रिणीच्या भांडणात तुझी बाजू कशी बरोबर होती हे त्याच्यापुढे काढायचं नाही, त्याला पंच करायचं नाही.

तो आला नाही, फोन उचलला नाही, तर हेच शब्द त्याला एकट्याला लिहून पाठव. मग मात्र त्याच्या मागे लागू नकोस, त्याला वेळ दे. शनिवार आला की "येतोस का" एवढं विचार. आणि त्यानं कधी स्वतःहून त्या मालिकेचा विषय काढला, तर त्याला शेवटपर्यंत बोलू दे. तुझं मत त्यानं विचारलं तरच सांग.

– ताई