अल्फा रोमिओ घ्या, पण आधी तिचा फेरफार वाचा

प्रश्न थोडक्यात: आम्ही म्युनिकला राहतो. आईचा कोथरूडचा फ्लॅट विकून, कर वगैरे भरून 85,000 युरो इकडे आले. मिलानच्या एका विक्रेत्याकडे 1970 ची अल्फा रोमिओ 1750 जीटीव्ही आहे. किंमत 52,000 युरो, गाडी पहिल्यापासून एकाच कुटुंबात असल्याचं तो सांगतो. गुंतवणूक म्हणून घ्यावी का? शुक्रवारपर्यंत 5,000 युरो बयाणा मागतोय.

उत्तर: गाडी देखणी आहे, त्यावर वाद नाही. पण तुमच्या मेलमधली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे गाडीचे चौदा फोटो नव्हेत, शेवटी जोडलेला तो इटालियन कागद. मला इटालियन येत नाही. शब्दकोश घेऊन बसलो, अख्खी संध्याकाळ गेली.

इटलीत गाड्यांच्या मालकीची सरकारी नोंदवही 1927 पासून आहे, तिला ‘प्रा’ म्हणतात. तिचा ‘एस्त्रात्तो क्रोनोलोजिको’ म्हणजे सरळ आपला फेरफार उतारा: कोणाकडून कोणाकडे, कधी. तुमच्या उताऱ्यात पहिली नोंद मिलान, 1970. दुसरा मालक 1978, आडनाव वेगळं. जावई असेल, असू दे. पण 1986 ला नोंद आहे ‘पेर्दिता दि पोस्सेस्सो’, म्हणजे ताबा गेला. त्यानंतर थेट 2004, नवा मालक. मधली अठरा वर्षं कोरी.

ताबा जाण्याची नोंद बहुतेकदा चोरीनंतर होते. गाडी परत मिळाली तर ‘रिएंत्रो इन पोस्सेस्सो’ अशी उलट नोंद हवी. ती तुमच्या कागदावर नाही. आणि चोरीचे पैसे विमा कंपनीने दिले असतील, तर गाडीवर हक्क कोणाचा हा प्रश्न उरतोच. 1978 मध्ये लॉस एंजेलिसला एका घराच्या आवारात पुरलेली फेरारीची डिनो 246 जीटीएस गाडी पोलिसांनी उकरून काढली होती. ती 1974 ला चोरीला गेली होती, विम्याचे पैसे दिले गेले होते, त्यामुळे मातीतून वर आली ती विमा कंपनीची मालमत्ता म्हणून!

फोटोतली मिलानची जुनी काळी नंबरप्लेट पाहून तुम्ही विरघळलात, हे कळतंय. पण तेव्हाच्या इटलीत गाडी प्रांताबाहेर गेली तरच नंबर बदलायचा. मिलानमधल्या मिलानमध्ये ती दहा हात फिरली असती तरी प्लेट तीच राहिली असती, म्हणून ती एकाच कुटुंबाचा पुरावा नव्हे.

आणखी एक बघा. इटलीत विकल्या गेलेल्या 1750 जीटीव्हीच्या चासीवरचा प्रकार-क्रमांक 105.44 असतो. तो 105.30 निघाला तर मूळची लहान इंजिनाची 1300 ज्युनिअर आहे आणि 1779 सीसीचं इंजिन मागाहून बसवलंय. चालायला मजाच येईल, पण 52,000 ची गाडी ती नव्हे. अरेसेच्या अल्फा संग्रहालयाचं दस्तऐवज केंद्र गाडी कधी तयार झाली, मूळ रंग कोणता, हे लेखी देतं. ते मागवा.

आता हिशोब. गॅरेजभाडं महिना 160, म्हणजे वर्षाला 1,920. जर्मनीत ‘एच’ नंबर (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांचा) मिळाला तर रस्ताकर 191.73. विमा आणि देखभालीला तुम्हीच 2,500 धरलेत (कमी धरलेत, पण असो). झाले सुमारे 4,600, किमतीच्या जवळजवळ नऊ टक्के. म्हणजे गाडीची किंमत दरवर्षी नऊ टक्के वाढली तर तुम्ही जिथल्या तिथे! शिवाय विकताना पुढचा गिऱ्हाईकही हाच उतारा मागणार आणि त्या अठरा वर्षांवरून भाव पाडणार. तुमच्या फ्लॅटच्या वेळी गिऱ्हाइकाच्या बँकेने सर्च रिपोर्टसाठी दोन महिने रखडवलं, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा वैतागलात, आता त्या बँकेच्या जागी बसा.

म्हणून गुंतवणूक म्हणून माझं उत्तर नाही. हौस म्हणून? तुमच्या नावावर घर नाही, आणीबाणीला जेमतेम तीन महिन्यांचा खर्च बाजूला आहे. आधी 25,000 हात न लावता ठेवा. उरलेल्यातले 30,000 हौसेला द्या, मी अडवणार नाही. आईचा फ्लॅट होता, त्यातून एक तरी मनासारखी वस्तू यावी हे मला पटतं. त्यात कागद सलग असलेली 1300 ज्युनिअर शोधा, देह तोच आहे. शिल्लक 30,000 घराच्या खात्यात.

बयाण्याच्या पावतीवर ‘कापार्रा’ हा शब्द आहे. इटालियन कायद्यात त्याचा अर्थ, तुम्ही मागे फिरलात तर पैसे बुडाले, विक्रेता फिरला तर दुप्पट परत. सही करू नका. शुक्रवारी त्याला पैशांऐवजी एक ओळ पाठवा: 1986 नंतरची ‘रिएंत्रो’ची नोंद आणि चासी नंबरचा जवळून घेतलेला फोटो, दोन्ही आल्यावर बोलू.