अँटीस्केलंट चालू आहे, तरी मेंब्रेन चोक का होतं?

प्रश्न: आमचा जारचा आरओ प्लांट आहे, तासाला 1000 लिटरचा. बोअरचं पाणी, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) 600 च्या आसपास. अँटीस्केलंटचा (क्षाराचा थर धरू नये म्हणून पाण्यात सोडायचं केमिकल) डोसिंग पंप रोज चालू असतो तरी मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) पाच महिन्यांत चोक झालं, शेवटच्या मेंब्रेनवर पांढरा थर निघाला. मधे मेकॅनिकने वेस्ट पाणी कमी व्हावं म्हणून वॉल्व्ह आवळून दिला होता, रिजेक्ट म्हणजे ते वेस्ट पाणी तासाला 1000 वरून 350 लिटरवर आलं. आता डोस डबल करू का?
– एक वाचक, उमरगा

उत्तर: डोस राहू द्या, आधी तो वॉल्व्ह सैल करा. अहो, आधी 2000 लिटर आत जाऊन निम्मं बाहेर पडायचं म्हणजे रिजेक्टमधले क्षार दुप्पट व्हायचे, आता 1350 जातं आणि 350 बाहेर, म्हणजे जवळपास चौपट, 600 चा हार्डनेस तिथे 2300 वर गेला आणि हे सगळ्यात दाट पाणी शेवटच्या मेंब्रेनलाच लागतं, म्हणून थर तिथेच धरला.

अँटीस्केलंट क्षार काढत नाही हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. त्यातलं फॉस्फोनेट नाहीतर पॉलिमर नुकत्याच तयार होणाऱ्या क्षाराच्या खड्याला चिकटतं आणि त्याची वाढ लांबवतं, तेवढ्यात पाणी बाहेर पडलं पाहिजे, बस. म्हणूनच रात्री प्लांट तसाच बंद केला की आत अडकलेलं दाट पाणी थर धरतं, तेव्हा बंद करताना प्रॉडक्ट वॉटरने (आरओतून निघालेल्या शुद्ध पाण्याने) फ्लश माराच, हे कोणी करत नाही आणि मग केमिकलला शिव्या घालतात.

डोस साधारण 2 ते 5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असतो, नेमका आकडा पाण्याचा रिपोर्ट बघून ठरतो. तासाला 2000 लिटर पाणी आत जात असेल तर 3 पीपीएमला 6 ग्रॅम फक्त! पंपाच्या नॉबवर विश्वास ठेवू नका, नळी मेजरिंग जारमध्ये सोडून दहा मिनिटांत किती ओढतो ते बघा, बऱ्याचदा पंप टकटक वाजत असतो पण नळीत हवा असते आणि थेंबभरही जात नाही. डोस कार्ट्रिज फिल्टरच्या (मेंब्रेनच्या आधीची बारीक गाळणी) आधी पडला पाहिजे. डबल केलात आणि बोअरला लोह असेल तर पॉलिमरवालं केमिकल लोहाशी मिळून चिकट राडा करतं, तो थर वेगळाच. शिवाय टाकीत पाणी घालून फार पातळ केलेलं केमिकल आठवडाभर ठेवू नका, बुरशी येते.

आत्ताचं मेंब्रेन लगेच फेकू नका. थरावर ॲसिडचा थेंब टाका, फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट, 2 टक्के सायट्रिक ॲसिडने धुतलं की बऱ्यापैकी सुटतं. फेस नाही आला तर सल्फेट किंवा सिलिका असेल, मग लॅबचा रिपोर्ट काढा, कारण ते साध्या ॲसिडला दाद देत नाही. इथून पुढे शुद्ध पाण्याचा फ्लो 10 टक्के घटला की धुवायला घ्या.

आणि रिजेक्ट वाढेल त्याचं म्हणाल, तर फरशी धुवायला, गाड्या धुवायला वापरा, शेतात मात्र सोडू नका.