उत्तम वाटा कोणता? वाचकांचे प्रश्न

देवाला उत्तम ते द्यावे हे कुणालाच अमान्य नसते. अडते ते प्रत्यक्ष देताना. सातारा-सांगली भागातल्या ख्रिस्ती वाचकांची ही पाच पत्रे त्याच अडचणींची आहेत.

प्रभूमध्ये सलाम. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, दरवर्षी एक क्रेट देतो. यंदा गारपिटीने सगळ्या बागेत घडांना डाग पडले. असा माल देवापुढे ठेवावा का, की बाजारातून चांगला विकत आणावा?
— एक शेतकरी, तासगाव तालुका

तुमच्याच बागेतला आणा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात आंधळे, मोडके, खरूज झालेले जनावर अर्पायला मनाई आहे, हे खरे. मलाखी संदेष्ट्याच्या काळी लोकांनी नेमके तेच आणले, तेव्हा देवाने विचारले की असले जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या, तो प्रसन्न होईल का (मलाखी १:८). पण त्यांचा दोष कुठे होता ते त्याच अध्यायाच्या चौदाव्या वचनात आहे: कळपात चांगला नर असताना त्यांनी खोडाचा पुढे केला. तुम्ही चांगला माल मागे ठेवलेलाच नाही. शिवाय लेवीय २२:२३ सहसा कुणी वाचत नाही. एखादा अवयव कमीजास्त असलेला गोऱ्हा नवस फेडायला चालत नसे, पण स्वखुशीच्या अर्पणाला चालत असे. तुमचे अर्पण स्वखुशीचेच आहे.

खरा प्रश्न आहे निवड कधी करता याचा. व्यापाऱ्याचा माल भरून झाल्यावर उरल्यातून क्रेट भरला, तर गारपीट नसतानाही ते उरलेलेच. तोडणीच्या दिवशी पहाटे गारव्यात पहिल्यांदा देवाचा क्रेट भरा. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, म्हणून गोडी भरलेलेच घड घ्या. घड देठाला धरून उचला, म्हणजे मण्यांवरची लव पुसली जात नाही. फुटलेला मणी बारीक कात्रीने काढलाच पाहिजे. त्याचा रस शेजारच्या मण्यांना लागला की दुसऱ्या दिवशी अख्खा घड बुरशी धरतो. वाळलेला, बुजलेला डाग तसाच राहिला तरी हरकत नाही. क्रेटच्या तळाशी कागद घाला, घडांचे दोनच थर लावा आणि उपासनेच्या वेळेपर्यंत क्रेट सावलीत ठेवा. बेदाणा केला असेल तर पहिल्या प्रतीचा किलोभर दिलात तरी चालेल, तो टिकतो आणि वाटायलाही सोपा जातो.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांसाठी एक गोष्ट. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव करत असाल तर फळे आणि भाजी आधी घ्या, धान्य शेवटी. आलेल्या वस्तूंची वजनासह यादी सकाळीच करा आणि बोलीचे पैसे तिथल्या तिथे घ्या. उधारीवर गेलेली भोपळ्याची बोली पुढच्या हंगामापर्यंत वसूल होत नाही, आणि कुणी मनापासून आणलेले अर्पण वहीत थकबाकी होऊन पडते.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) गाणी इतक्या उंच सुरात सुरू होतात की दुसऱ्या कडव्यापासून बायका गप्प आणि पुरुष पुटपुटतात. गायकवृंद म्हणतो, देवाला उत्तम द्यायचे तर गाणे दमदार हवे. पावसाळ्यात तबल्याचा सूरही उतरतो. काय करावे?
— संडे स्कूलच्या एक शिक्षिका, मिरज

गायकवृंदाचे अर्पण म्हणजे साऱ्या मंडळीचे गाणे. लोक गप्प झाले तर ते अर्पण अर्धेच झाले, स्टेजवरचा आवाज कितीही चांगला असो. स्तोत्र ३३:३ 'कुशलतेने वाजवा' असे सांगते. १ इतिहास २५:७ मध्ये मंदिराच्या गायनात तरबेज असलेल्यांची संख्या २८८ दिली आहे. म्हणजे तयारी हा उपासनेचाच भाग होता.

सूर ठरवताना पहिली ओळ पाहू नका, गीतातली सगळ्यात उंच जागा आधी गाऊन पाहा. ती बहुधा ध्रुवपदाच्या शेवटी किंवा अंतऱ्यात असते. तिथे साध्या माणसाला मान ताणावी लागली तर सूर खाली आणा. स्त्री-पुरुष मिश्र मंडळीला हार्मोनियमची काळी एक ते काळी दोन ही पट्टी बहुधा झेपते. चाल तार सप्तकात मध्यमापर्यंत जात असेल तर पांढरी एक किंवा त्याहून खाली. ठरलेली पट्टी गीताच्या वहीत लिहून ठेवा, नाहीतर दर रविवारी अंदाज बांधला जातो आणि उत्साहात तो चढतोच.

हार्मोनियमचा सूर जागेवर बदलता येत नाही, म्हणून तबला आणि तानपुरा तिच्याशी मिळवायचे. दमट हवेत तबल्याचे कातडे ओल धरून सैल होते. उपासनेआधी अर्धा तास तबला सभागृहात आणून ठेवा, कातड्याला हवा लागू द्या. मोठा फरक असेल तर वादीखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोका, थोडा असेल तर गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीवर, हातोडी मारा. कडेची सोळाही घरे एकेक करून वाजवून पाहा. एकाच बाजूला ठोकले की तबला दोन सुरांत बोलतो. शेगडीवर मुळीच शेकू नका, मधली काळी शाई तडकते. तानपुरा पंचम, दोन षड्ज आणि खर्ज असा लावतात, चालीत पंचम वर्ज्य असेल तर पहिली तार मध्यमाला. जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारी गुंजन, बिघडली तर तार बोथट वाजते. तुमच्या गावात तंतुवाद्ये घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, वर्षातून एकदा त्यांच्याकडून घोडी पाहून घ्या.

नवे गीत एका रविवारी शिकवून सोडू नका. उपासनेआधी दहा मिनिटे एकाने ओळ म्हणावी, सगळ्यांनी मागून म्हणावी, आणि तेच गीत सलग तीन-चार रविवार घ्यावे. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती गीते लिहिली, ती अक्षरओळख नसलेल्यांच्याही तोंडी बसली. त्यांची शेवटची वर्षे साताऱ्यात गेली, तेव्हा हा वारसा आपल्या दाराशीच आहे. सरावात आधी वाद्यांशिवाय शब्द म्हणा. 'ख्रिस्त' चा 'क्रिस्त' होतो तो तिथेच सापडतो.

मी चार घरची धुणीभांडी करते. दानाची थैली पुढे आली की लाज वाटते. मागे नाताळाला बचत गटातून उसने घेऊन दान दिले. ते चुकले का?
— एक भगिनी, सातारा

ताई, उसने काढून देऊ नका. २ करिंथ ८:१२ मध्ये प्रेषित पौल सांगतो की उत्सुकता असली की माणसाजवळ असेल त्याप्रमाणे दान मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नाही. लेवीय ५ पाहा: पापार्पणाला मेंढी किंवा शेळी, ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले, तेही जमत नसेल तर एक दशमांश एफा, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचे सपीठ, तेल आणि धूपाविना. तिन्ही ठिकाणी शेवट एकच आहे, याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करील. येशूला मंदिरात नेले तेव्हा मरियेनेही पक्ष्यांचेच अर्पण केले (लूक २:२४).

पगार हातात आला की भाडे, किराणा यांच्या आधी दानाचा वाटा पाकिटात वेगळा काढा, तो दहा रुपये असला तरी. १ करिंथ १६:२ मध्ये हीच रीत आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीप्रमाणे, बाजूला काढून ठेवणे. महिनाअखेर उरेल ते देऊ म्हटले की उरत नाही, आणि मग उसनवारीची वेळ येते. आधीच्या उसन्याचे हप्ते मात्र आधी फेडा.

रविवारी रुग्णालयात कामाची पाळी लागते, उपासना चुकते. देवाला आपण दुय्यम देतो असे वाटत राहते.
— एक परिचारिका, मिरज

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावात रुग्णसेवा आणि भक्ती वेगळ्या मानलेल्या नाहीत. कलस्सै ३:२३ म्हणते, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. प्रभूसाठी म्हणजे कोणी पाहत नसताना, पाळीच्या आठव्या तासालाही हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुणे, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट, कारण घाईत नेमक्या याच जागा सुटतात. पाळी सोपवताना कुणाचे सलाईन कधी संपणार, कोणती गोळी राहिली, हे तोंडी सांगून वहीतही लिहिणे.

तरी मंडळीची संगत तुटू देऊ नका. पाळ्यांचा तक्ता लागण्याआधी महिन्यातले निदान दोन रविवार मागून घ्या, बदल्यात सणाच्या रात्रीची पाळी स्वीकारा. उरलेल्या रविवारी संध्याकाळची घरसभा, म्हणजे कुणाच्या घरी भरणारी प्रार्थनासभा, गाठा.

घरी नवीन पंखा घेतला. जुना चर्चला दिला तर चालेल ना?
— एक वाचक, इस्लामपूर

चालणारा असेल तर आनंदाने द्या. हळू फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, खर्च फार नाही. तो बदला, पाती पुसा, बेअरिंग खरखरते का ते तासभर चालवून ऐका, आणि आधी पंचांना विचारा की सभागृहाला पंखा हवा आहे का. दुरुस्तीचा खर्च मंडळीवर टाकायचा असेल तर पंखा भंगारात द्या आणि आलेले पैसे दानपेटीत टाका.