आधी बॅलड ऐक

प्रिय मित्रा,

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. दमसास चांगला आहे. पण पहिल्या मिनिटातच तू किंचाळायला लागतोस, मग पुढे जायला जागा उरत नाही. ‘फ्री’ जॅझ, चौकट सोडून मोकळं, वाजवायचंय ना? मग अल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॅकी मॅक्लीनचा ‘लेट फ्रीडम रिंग’ ऐक. मार्च १९६२ मध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. मॅक्लीन तेव्हा तिशीचा होता.

सगळे ‘मेलडी फॉर मेलोने’ने सुरुवात करतात, कारण ती पहिली आहे आणि अल्टोच्या त्या गाजलेल्या किंकाळ्या तिच्यात आहेत. तू आधी दुसरी ऐक, ‘आयल कीप लव्हिंग यू’ ही संथ बॅलड. चारांतली ही एकच दुसऱ्याची रचना, पियानोवादक बड पॉवेलची. हार्लेममध्ये वाढणारा मॅक्लीन पोरवयात त्याच्याकडेच शिकला. इथे बंडखोरी शोधू नकोस. चाल तो किती जपतो ते बघ. त्याचा सूर नेहमीच किंचित चढा. त्यावर अनेकांनी नाकं मुरडली, मला मात्र त्या चढेपणाशिवाय तो मॅक्लीन वाटतच नाही.

मग ‘मेलोने’कडे ये. कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, धावती साखळी सोडून तो एकेका स्केलवर, म्हणजे एकेका स्वरमालिकेवर, लांब मुक्काम करतो. तिथे किंकाळी येते तेव्हा ती कुठून सुटून वर गेली हे कानाला कळतं. तुझी कुठूनच सुटत नाही.

खरी गंमत साथीदारांत आहे. पियानोवर वॉल्टर डेव्हिस ज्युनिअर, पक्का हार्ड बॉपवाला, म्हणजे कॉर्ड्स आणि ठेका धरून चालणाऱ्या जॅझमधला. ड्रम्सवर बिली हिगिन्स. १९५९ मध्ये फ्री जॅझचा पाया घालणाऱ्या ऑर्नेट कोलमनच्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’वर हाच होता, आणि १९६३ मध्ये हार्ड बॉपवाल्या ट्रम्पेटर ली मॉर्गनच्या ‘साइडवाइंडर’वरही हाच! मॅक्लीन कितीही लांब गेला तरी हिगिन्सच्या सिंबलची चाल हलत नाही. बासवर हर्बी लुइस. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुझ्या बँडमध्ये चौघेही एकदम मोकळे सुटतात. कोणी घर राखत नाही.

महिनाभर एवढंच कर. याच अल्बममधला ‘रेने’ हा ब्लूज आहे, म्हणजे बारा बारचा (मात्रांच्या बारा गटांचा) फेरा पुन्हा पुन्हा येतो; तो कानाने उतरवून घे. बारा बारचे तीन फेरे कॉर्ड्स धरून वाजव, चौथ्यात त्या सोड, पाचव्यात बरोबर पहिल्या बारवर परत ये. चुकलास तर पुन्हा पहिल्यापासून. बासवाल्याला सांग, तू काहीही केलंस तरी त्याने फेरा सोडायचा नाही.

पुढच्या वेळी एकटा येऊ नकोस, तुझ्या ड्रमरलाही आण. मला त्याच्याशी जास्त बोलायचंय.

तुझा,
सर